वारा पडल्यावर

१८ ऑगस्ट, सोमवार
पाणी खात्यानं या वर्षी चुकून दोन नोंदवह्या पाठवल्या. एक नेहमीसारखी भरते आहे: तारीख, सकाळी आठची मोजणी, शेरा. दुसरी परत करायची तर लोरेतोपर्यंत जाणारं कोणी हवं, म्हणून ती ठेवून घेतली. खात्याच्या वहीत शेऱ्याला बोटभर जागा असते, आणि दोनशे सहा दिवस रोज शून्य लिहून झाल्यावर मला काहीतरी दुसरं लिहावंसं वाटतंय.

पहिल्या पानावर छापलंय तेवढं आधी भरते. निरीक्षक: एर्मिनिया आर्से (जवळचे मिना म्हणतात), वय चौपन्न. ठिकाण: ला हिगेरिता वस्ती, हिगांता डोंगर, समुद्राकडची बाजू. घरात माणसं तीन: मी, मोठा भाऊ एवारिस्तो, त्याची बायको रेमेदिओस, म्हणजे रेमे. शेळ्या बासष्ट. मार्चमध्ये शंभरावर होत्या.

आज जेवताना एवारिस्तो म्हणाला, "शेळ्या विकल्या."

"कुणाला?"

तो खाली मान घालून घेवड्यात तोर्तिया बुडवत बसला.

"अरे, कुणाला?"

तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा वर बघून म्हणाला, "ओरडतेस कशाला? मी काय डोंगरापलीकडे बसलोय?"

कोन्स्तितुसिओनचा व्यापारी आहे. बारा सप्टेंबरला ट्रक आणणार. मग आम्ही तिघांनी त्याच गावी भाचीच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, मागच्या खोलीत राहायला जायचं. मी म्हटलं, वादळांचा हंगाम अजून अर्धा बाकी आहे. एक वादळ नीट आलं तर वर्षाचा पाऊस एका दिवसात पडतो, हे तुला मी सांगायला हवं का? तो खिडकीकडे बघत राहिला. शेवटी रेमेनं त्याच्या समोर जाऊन दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "सप्टेंबरअखेरपर्यंत थांबू या." तेव्हा हो म्हणाला. तीस सप्टेंबर ठरलं.

लग्नाला सदतीस वर्षं झाली, अजून नवऱ्याचा हात धरल्याशिवाय हिला एक वाक्य बोलता येत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पाऊस शून्य. आठ वाजता रेडिओवर आकडा सांगितल्यावर इंजिनियर उरियासांना विचारलं, खाली काही हालचाल? ला पासच्या कार्यालयात बसून ते आम्हा सगळ्या वस्त्यांचे आकडे घेतात. अकरा वर्षांत त्यांना मी पाहिलेलं नाही. आवाजावरून बारीक अंगाचे वाटतात.

"दक्षिणेला ढगांचा एक पुंजका जमलाय, डोन्या एर्मिनिया. अजून फिरकी घेतलेली नाही."

"घेईल का?"

"पाणी गरम आहे, वरच्या थरातलं वारं शांत आहे. वरचं वारं जोरात असलं की ढगांचं डोकं उडवून नेतं आणि सगळं विस्कटतं. या वेळी तसं दिसत नाही."

मध्येच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्याचे डॉन सिरिलो घुसले. "त्याला सांगा, इकडे वळायचं असेल तर आधी कळव म्हणावं. माझ्या होड्या रंगवायला काढल्यात."

हे सगळं मी एवारिस्तोला सांगायला गेले. पूर्वी रेडिओ तोच घ्यायचा. आता हात लावत नाही. म्हणतो, "त्या खोक्यातला माणूस तोंडात घास धरून बोलतो." उरियासांइतकं स्वच्छ तर पाद्रीसुद्धा बोलत नाहीत.

२६ ऑगस्ट, मंगळवार
पाऊस शून्य. पुंजक्यानं फिरकी घेतली. नाव मिळालं: हसिंता. काल साधं वादळ होतं, आज मोठं चक्रीवादळ. उरियास म्हणाले, चित्रात मधोमध डोळा दिसतोय, गोल, पेरूएवढा. गरम पाण्याची वाफ वर चढते, वर जाऊन तिचं पाणी होतं, त्यातून आणखी उष्णता निघते, ती आणखी वाफ ओढते. चुलीनंच आपलं लाकूड ओढून घ्यावं तसं. खाली गरम समुद्र आहे तोवर ते थांबत नाही.

लिहायला लाज वाटते, पण ही वही दुसरं कोणी वाचणार नाही: ते इकडे यावं असं मला वाटतं. काल उरियासांना दोनदा विचारलं, वळण्याची शक्यता किती. त्यांना वाटलं घाबरले आहे. म्हणाले, "काळजी करू नका." माझ्या मनात होतं, वाटेत ज्याचं छप्पर उडायचं त्याचं उडो.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
पाऊस शून्य. हसिंता गेलं. पश्चिमेला थंड समुद्र आहे, त्यावर शिरलं आणि दोन दिवसांत निवलं. खालची चूलच विझली, उरियास म्हणाले. आमच्या आकाशात विंचरलेल्या केसांसारखे चार ढग येऊन गेले, तेही वर, फार वर.

डॉन सिरिलो: "पलीकडच्या पाण्यात पाय घातला तर हाडं वाजतात. त्या बिचाऱ्याला कोण सांगणार!"

आणखी दोन शेळ्या मेल्या. एक गाभण होती.

४ सप्टेंबर, गुरुवार
पाऊस शून्य. दिवसभर काटे जाळून निवडुंग शेळ्यांना चारला. धुरानं डोळे सुजलेत.

दुपारी एवारिस्तो दोन शेळ्या कमी घेऊन परत आला. म्हणाला, सापडल्या नाहीत. मी अंगणात उभी होते आणि मला त्यांच्या घंटा ऐकू येत होत्या! कुंपणापलीकडच्या घळीत, सरळ वर, दोनशे पावलं. मी म्हटलं, "ऐक की." तो म्हणाला, "काय ऐकू? सापडल्या नाहीत सांगितलं ना!" आणि फाटक लावून घेतलं. मी स्वतः गेले. पोहोचेपर्यंत एक घळीत पडून मान मोडून घेतलेली. दुसरी आणली.

शोधल्याच नाहीत त्यानं. विकलेल्या शेळ्या म्हणून जीव राहिला नाही. हाच माणूस एका करडासाठी दोन दिवस डोंगर फिरायचा.

९ सप्टेंबर, मंगळवार
पाऊस शून्य. संध्याकाळी एवारिस्तो भिंतीशी बसून खोगिराचा पट्टा शिवत होता. त्याच्या टाचेपासून हातभर अंतरावर खुळखुळ्या साप, वेटोळं करून, शेपटी अशी वाजवत होता की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. हा शांतपणे टाके घालतोय. मी फावड्यानं साप मारला तेव्हा दचकून उडाला.

"तुला मरायचंच आहे का?" मी विचारलं.

तो सापाकडे बघत राहिला. मग हसला, पण हसण्यासारखं नव्हतं ते. रेमे दारात उभी होती, रडायला लागली. मेलेल्या सापाला बघून रडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

१५ सप्टेंबर, सोमवार
पाऊस शून्य. नवीन एक आहे, लिबोरिओ. फुसकं. उरियास म्हणतात वरचं वारं त्याला वाकडं करतंय, ढग एकीकडे आणि फिरकी दुसरीकडे. तरी उत्तरेला येतंय. उद्या द्वीपकल्पाच्या टोकावर चढेल.

स्वातंत्र्याच्या सणाचं म्हणून रेमेनं खजूर घालून गोड केलं. रेडिओवर वस्त्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. डॉन सिरिलोंनी त्यांच्या सासूची गोष्ट सांगितली, तिला वादळानं खुर्चीसकट उचलून चर्चपाशी ठेवलं आणि ती म्हणाली, बरं झालं, पाय दुखत होते. आम्ही दोघी हसलो. एवारिस्तो आमच्या तोंडाकडे बघून, जरा उशिरानं, हसला.

१६ सप्टेंबर, मंगळवार
पाऊस शून्य. लिबोरिओ टोकावर चढलं आणि तिथल्या डोंगरानं त्याचं कंबरडं मोडलं. दुपारच्या बातमीत साधं वादळ, संध्याकाळी त्याहून खाली. सगळ्या वस्त्यांवरून एकच: मेलं, मेलं. चौदा दिवस उरले.

एवारिस्तोनं दोऱ्या आणि पाट्या एका पेटीत भरायला घेतल्या. मी पेटीतून पाटी काढली, त्यानं परत ठेवली. असं तीनदा झालं. आम्ही दोघं म्हातारे आहोत, हे शेवटी रेमेनं आम्हाला सुनावलं.

१७ सप्टेंबर, बुधवार
पाऊस शून्य. मेलेलं नाही. टोक ओलांडून आमच्या बाजूच्या आखातात उतरलंय.

डॉन सिरिलोंचा आवाज आज थट्टेचा नव्हता. "मिना, मी सकाळी पाण्यात उभा राहिलो. काढ्यासारखं आहे. माझ्या जन्मात एवढं गरम पाहिलं नाही." उरियासही तेच म्हणाले, शांतपणे. आखात म्हणजे अरुंद, उथळ काठांची परात; उन्हाळाभर तापलेली. फिरकी शाबूत आहे, वरचं वारंही आता ढिलं पडलंय. "एका दिवसात उठू शकतं. तयारी करा. आणि ओढ्यापासून लांब राहा."

मला आनंद झाला. हे लिहून ठेवते.

१८ सप्टेंबर, गुरुवार
पाऊस २ मिलिमीटर. नोंदवहीत 'दोन' लिहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं.

लिबोरिओ पुन्हा चक्रीवादळ. चोवीस तासांत. उद्या पहाटे लोरेतोच्या वर किनाऱ्याला लागणार, म्हणजे आमच्या पायथ्याशी. डॉन सिरिलो सगळा कोळीवाडा घेऊन शाळेत राहायला गेले.

मी एवारिस्तोला म्हटलं, शेळ्या ओढ्याकाठच्या वाड्यात नको, वर कातळाच्या गुहेत नेऊ. तो छपरावर तारा ठोकत होता, माझ्याकडे पाठ करून. दोनदा सांगितलं. ठोकत राहिला. मग नाही विचारलं. एकटीनं एकोणसाठ शेळ्या वर चढवल्या, दीड तास लागला. उतरले तेव्हा रिकाम्या वाड्यापाशी उभा होता.

"न विचारता?" एवढ्या मोठ्यानं ओरडला की वरच्या शेळ्यांनी उत्तर दिलं.

"विचारलं! दोनदा!"

"खोटं बोलू नको, मिना."

मी खोटं बोलत नाही. पावसाच्या आकड्यात नाही आणि माणसाशीही नाही. दोन महिने हा माझ्याशी असाच वागतोय. बोललं तर ऐकत नाही, आणि नंतर मलाच खोटं पाडतो.

२१ सप्टेंबर, रविवार
परवाचं आज लिहिते. काल लिहायला बसले होते, जमलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला ४४ मिलिमीटर. पहाटेपासून समुद्राकडून वारा, खजुराची झाडं आडवी व्हायला आलेली. छप्पर टिकलं. दहाच्या सुमाराला वारा पडला. कमी कमी होत नाही, एकदम पडला. रेडिओ चालू होता. उरियास म्हणाले, "तुमच्या डोंगराला धडकलंय. जोर तुटला. आता ते चक्रीवादळ राहिलेलं नाही. पण डोन्या एर्मिनिया, ते हलतही नाहीये. तिथंच थांबलंय. वारा पडला म्हणजे," आणि तिथं आवाज गेला. खांब पडला असणार.

एवारिस्तोनं दारातून खजुराच्या शेंड्यांकडे पाहिलं. झाडं स्तब्ध होती. "संपलं," म्हणाला, आणि नट खोलायचे पाने घेऊन ओढ्यात विहिरीकडे गेला. पंपाचं इंजिन सोडवून वर आणायचं होतं. मी म्हटलं, "माथ्यावर काळं आहे बघ." तो तोवर उतरणीला लागला होता.

आमच्यावर पाऊस साधा होता. वर, जिथं ढग डोंगराला टेकले होते, तिथं मात्र रात्रीसारखा काळोख. पावणेबाराला मी पावसाचं माप रिकामं करत होते, आठपासून १२६, तेव्हा तो आवाज आला. आधी वाटलं लोरेतोहून ट्रक येतोय. मग लक्षात आलं की रस्ता सकाळपासून बंद आहे. पाण्यात दगडावर दगड आपटतात त्याचा आवाज. ओढा उतरत होता. जन्मात चारदा ऐकलाय. आवाज आल्यापासून पाणी येईपर्यंत एक प्रार्थना म्हणण्याइतका वेळ मिळतो.

एवारिस्तो विहिरीच्या खड्ड्यात छातीपर्यंत, माझ्याकडे पाठ. पन्नास पावलं. मी ओरडले, "एवारिस्तो! ओढा आला!" तो पाना फिरवतोय. "ओढा!" पाना फिरवतोय.

आता जे झालं ते लिहिते. मला राग आला. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय, कालच्या शेळ्यांवरून. आणि मी ओरडायची थांबले. पाच श्वास. नंतर मोजले मी, तितकेच होते. पाच श्वास मी हातात माप धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, बस मग.

रेमे पिठाचे हात घेऊन बाहेर धावत आली. "बघतेस काय! दगड मार!"

"काय?"

"ऐकू येत नाही त्याला! दोन वर्षं! दगड मार, मिना, तुझा नेम आहे!"

पहिला दगड डोक्यावरून गेला. दुसरा पंपाच्या पत्र्यावर लागला, ठण्णकन, आणि तो वळला नाही. त्याच्या हाताशी पत्रा वाजला आणि तो वळला नाही. तिसरा खांद्यावर बसला. मूठ उगारूनच वळला. मी दोन्ही हातांनी वर दाखवलं. पाने तिथंच टाकून तो चार हातापायांवर काठ चढला.

तो वर आला आणि पाणी आलं. पुढं ओंडके, मेलेली गाय, चिखलाचा वास. आधी कमरेएवढं, मग माणूसभर. पंप गेला, इंजिन गेलं, विहिरीचा कठडा गेला, शेळ्यांचा वाडा गेला. संत्र्याची सगळी झाडं, खजुराची एकोणीस. संध्याकाळपर्यंत वाहत होतं.

आम्ही तिघं कातळावर उभे. एवारिस्तो खांदा चोळत ओरडला, "मारायला एवढा मोठा दगड?"

हल्ली तो ओरडूनच बोलतो. मला वाटायचं, तापट झालाय.

२४ सप्टेंबर, बुधवार
पाऊस शून्य. रेडिओचा खांब उभा केला. उरियासांना शुक्रवार ते शनिवारचा आकडा सांगितला: ३८६.

"परत सांगा."

"तीन आठ सहा. तीनदा माप रिकामं केलं. प्रत्येक वेळ लिहिली आहे."

मग उरियास म्हणाले, किनाऱ्यावरच्या केंद्रात नव्वद आहे. डोंगरानं वाऱ्याची फिरकी मोडली, पण आखातातली ओल तशीच येत राहिली. डोंगर ती वर ढकलत होता, आणि वर गेली की ती पडणारच. ओला कपडा भिंतीवर दाबून पिळावा तशी.

"त्या दिवशी तुमचं वाक्य अर्धं राहिलं," मी म्हटलं. "वारा पडला म्हणजे, पुढं काय?"

"वारा पडला म्हणजे खरा पाऊस आता पडेल, एवढंच सांगत होतो."

"ते कळलं आम्हाला."

डॉन सिरिलोंच्या दोन होड्या गेल्या, माणसं सगळी आहेत. रंगवलेल्याच दोन गेल्या म्हणाले. शेळ्या एकोणसाठच्या एकोणसाठ.

२७ सप्टेंबर, शनिवार
पाऊस शून्य. आज एवारिस्तोच्या समोर जाऊन बसले. दंडावर हात ठेवला, मग बोलले.

"कधीपासून?"

"उजवा चार वर्षं. डावा दोन. आधी पाखरं गेली, मग घंटा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर सकाळी आठला रेडिओवर गेलं असतं. पावसाच्या आकड्यानंतर."

मला नाही म्हणता आलं नाही.

"घंटा ऐकू न येणारा माणूस शेळ्या कसा राखणार?" तो म्हणाला. "त्या दोघींच्या तुला ऐकू येत होत्या ना? रेमे म्हणाली मला. त्या रात्री झोप लागली नाही."

मग मी त्याला पाच श्वासांचं सांगितलं. न सांगता राहता येत नव्हतं. त्यानं परत सांगायला लावलं. खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, देव जाणे.

"पाच?"

"पाच."

"मी असतो तर दहा थांबलो असतो," म्हणाला, आणि उठून शेळ्यांकडे गेला. वाटेत एकदा थांबला होता, पाठमोरा. पण वळला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार
पाऊस शून्य. डोंगर हिरवा आहे. दहा दिवसांत! ज्या फांद्या मी मेल्या म्हणून तोडणार होते त्यांना पानं आहेत. शेळ्या खाताना मान वर करत नाहीत.

व्यापारी काल आला नाही. रस्ता अकरा ठिकाणी तुटलाय, डिसेंबरपर्यंत ट्रक येणार नाही. विक्रीचं कोणी काढलं नाही. सकाळी मी काठी घेतली, एवारिस्तोनं पाण्याची पिशवी भरून दिली, आणि कळपामागे मी गेले. माप तो बघतो, आकडा रेडिओवर रेमे सांगते. शून्य आलं की तो वहीत 'काही नाही' असं लिहितो. खातं चालवून घेईल.

खेचरावरून एक डॉक्टर आली होती, ओढ्याकाठच्या वस्त्या बघत. तिनं कानात दिवा घालून पाहिलं. म्हणाली, ला पासला यंत्र मिळेल, निम्मं तरी परत येईल.

"म्हणजे हिची बडबड ऐकू येणार?" एवारिस्तोनं माझ्याकडे बोट दाखवलं. "विचार करून कळवतो."

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पाऊस शून्य. भांडी घासताना मी रेमेला म्हटलं, बरं झालं, आता जायला नको. ती म्हणाली, "मला जायचं होतं, मिना. त्याच्या कानांसाठी नाही. माझ्यासाठी. नातीला मी तीनदा पाहिलंय."

दीड महिना या वहीत मी तिच्याबद्दल काय काय लिहिलंय ते वाचलं. नवऱ्याचा हात धरते, सापाला रडते. ती काय म्हणते हे कुठंच नाही.

आता असं ठरलंय. विहीर वाळूनं बुजली आहे. कातळातल्या डबक्यांचं पाणी डिसेंबरपर्यंत पुरेल. तोवर विहिरीला पाणी लागलं तर आम्ही राहू, आणि रेमे रस्ता झाला की दरवर्षी चार महिने लेकीकडे जाईल. नाही लागलं तर तिघंही जाऊ आणि शेळ्या विकू. मी हो म्हटलं. या वेळी कोणाला मला समजवावं लागलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
काही नाही. (एवारिस्तोची नोंद बघून लिहिली.) दक्षिणेला आणखी एक पुंजका आहे. उरियास म्हणाले, बहुतेक पश्चिमेला वळेल आणि थंड पाण्यावर निवेल. मी म्हटलं, "निवू दे." म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं. ऑगस्टमध्ये मी असं म्हटलं नसतं.

विहीर दोन वाव, म्हणजे आठ हात, खणून झाली. शेळ्या दुपारपर्यंत चारून आणते, मग वर बसून बादली ओढते. एवारिस्तो खाली खणतो. खालून ओरडलं की त्याच्या कानात नुसता घुमारा होतो, आणि माझं तर त्याला ऐकूच येत नाही. म्हणून त्याच्या कमरेला दोरी, दुसरं टोक माझ्या मनगटाला. एक झटका: थांब. दोन: वर ये, किंवा वर ओढ. आज माझ्या हातावर गांधीलमाशी बसली आणि मी हात झटकला, दोनदा. तो बिचारा धापा टाकत वर आला. काय झालं म्हणून विचारलं. सांगितलं. बराच वेळ शिव्या देत होता, मोठ्यानं, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
पाऊस शून्य. विहीर साडेतीन वाव. वाळू कोरडी. काल एका बाजूनं ढासळली, त्याच्या गुडघ्यापर्यंत आली. रेमे म्हणाली, सोडा आता. त्यानं फळ्या लावल्या आणि परत उतरला. ओढा उतरण्याच्या आधी पाणी पाच वावांवर होतं. आता कुठं आहे, आहे की नाही, कोणाला माहीत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
पाऊस शून्य. सकाळपासून चिकणमाती, मग पुन्हा वाळू. पावणेसहा वाव. मला वाटलं आज तो म्हणेल, पुरे. एक झटका आला, मी बादली धरून थांबले. बराच वेळ काही नाही. खाली वाकून पाहिलं तर नुसती त्याची टोपी दिसत होती, तीही हलत नव्हती.

मग तीन झटके.

तीनचं आमचं काही ठरलेलं नव्हतं. मी रेमेला हाक मारली, घागर घेऊन ये म्हणून.